नजरेने लिहिण्याचे यंत्र : खानापुरातील चार महिन्यांचा अनुभव

माझे थोरले बंधू बेळगावच्या उद्यमबागेत सत्तावीस वर्षे लेथवर काम करीत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचे निदान झाले. आधी बोटांची पकड गेली, मग चालणे गेले आणि गेल्या दिवाळीनंतर बोलणेही थांबले. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. परंतु डोळे फिरवणाऱ्या स्नायूंच्या पेशी बहुतेक रुग्णांत अगदी उशिरापर्यंत टिकून राहतात. दादांच्या बाबतीतही तसेच झाले. मान धरता येत नाही, जीभ वळत नाही, पण डोळे पूर्वीइतकेच चपळ आहेत. म्हणूनच नजरेचा माग घेऊन संगणकावर लिहू देणारे यंत्र आम्ही घेतले. त्याला आता चार महिने झाले असून, अशा यंत्राचा विचार करणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. यंत्राचे आणि विक्रेत्याचे नाव मी देत नाही. या वर्गातील बहुतेक यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात, आणि आमच्या अडचणी बव्हंशी यंत्राच्या पोटातल्या नव्हत्या. त्या पलंगाच्या उंचीच्या, खिडकीतल्या उन्हाच्या आणि आमच्या भाषेच्या होत्या.

यंत्र म्हणजे वीतभर लांब आणि बोटभर जाड अशी एक काळी पट्टी आहे. ती लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेला बसते आणि एका वायरने यूएसबीला जोडली जाते. तिच्यात डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारे बारीक दिवे आणि एक कॅमेरा असतो. त्या दिव्यांचा चमकता ठिपका डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर उमटतो. डोळा फिरला की बाहुलीचा मध्य सरकतो, पण तो ठिपका मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. या दोहोंमधले अंतर आणि दिशा मोजून नजर पडद्यावर कोठे आहे हे यंत्र ठरवते. मात्र बाहुलीच्या मधून जाणारा अक्ष आणि माणूस ज्या रेषेने प्रत्यक्ष पाहतो ती रेषा यांत सुमारे पाच अंशांचा फरक असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे सुरुवातीला पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्याकडे पाहून कॅलिब्रेशन, म्हणजे त्या डोळ्यांशी यंत्राची जुळवणी, करून घ्यावे लागते. दादांना हे समजावून सांगावे लागले नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, हातात घेतल्यावर आधी झिरो एरर, म्हणजे शून्यावरची चूक, तपासायचा, हे त्यांनी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षे शिकवले आहे.

ही कल्पना नवी नाही. वाचताना डोळे ओळीवरून सरळ घसरत न जाता उड्या घेत जातात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लक्षात आले. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी वाचकाच्या डोळ्यावर मधोमध छिद्र असलेली प्लास्टरची लहानशी वाटी बसवून तिला अॅल्युमिनियमचा काटा जोडला आणि डोळ्याच्या उड्या कागदावर उतरवल्या. १९०१ साली रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी डोळ्याला स्पर्शही न करता, त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा माग फोटोच्या काचेवर टिपला. आजची पट्टी त्याच वाटेने आली आहे. वैद्यकीय संशोधनात तर नजरेचे मोजमाप हे निदानाचे साधन होऊ पाहत आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना हलत्या वस्तूमागे नजर सलग फिरवणे जड जाते, हे १९०८ सालीच नोंदले गेले होते. अलीकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली डोक्याला मार लागल्यावरच्या तपासणीसाठी आणि २०२२ साली लहान मुलांतील स्वमग्नतेच्या निदानाला साहाय्य करण्यासाठी अशा उपकरणांना मान्यता दिली.

हा इतिहास येथे सांगण्याला एक व्यावहारिक कारण आहे. विक्रेते माहितीपत्रकात यंत्र सेकंदाला किती वेळा मोजमाप घेते तो आकडा ठळक छापतात, आणि आम्हीही आधी त्याला भुललो होतो. प्रयोगशाळेतील यंत्रे सेकंदाला हजार वेळा मोजतात, कारण डोळ्याची एक लहान उडी वीस ते पन्नास मिलिसेकंदांत संपते आणि संशोधकांना तिचा वेग हवा असतो. लिहिणाऱ्याला उडीशी कर्तव्य नसते; नजर थांबते कोठे, एवढेच त्याला हवे असते. त्यासाठी सेकंदाला तीस ते साठ मोजमापे पुरतात. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी डोके किती इकडेतिकडे सरकले तरी यंत्र डोळा धरून ठेवते, हे विचारावे. ज्यांचे डोके आपोआप हलते अशा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी तर हाच निर्णायक प्रश्न आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक प्रदीप्त बिस्वास यांच्या प्रयोगशाळेने चेन्नईच्या विद्या सागर संस्थेतील मुलांबरोबर नजरेवर चालणाऱ्या साधनांचे जे काम केले आहे, ते या विषयात रस असणाऱ्याने अवश्य पाहावे.

आता आमच्या घरातले सांगते. विक्रेत्याचा माणूस बसवून देण्यासाठी आला, तेव्हा दुपार कलली होती. खोलीत मंद उजेड होता आणि दादा खुर्चीत ताठ बसवलेले होते. तासाभरात सगळे सुरळीत चालले. दादांनी इंग्रजीत स्वतःचे नाव लिहिले आणि वहिनींना रडू आले. माणूस त्याच संध्याकाळी परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राला दादांचे डोळे सापडेनात. आम्ही पट्टी काढून पुन्हा लावली, लॅपटॉप तीन वेळा बंद करून चालू केला आणि फोन लावला, तर उत्तर दोन दिवसांनी आले. दरम्यान कारण दादांनीच शोधले. कसेबसे एकदाच कॅलिब्रेशन जमले, तेव्हा त्यांनी मराठी कळफलकावर अकरा मिनिटे खर्चून पहिले वाक्य लिहिले, "दार लाव, ऊन येऊलंय." पूर्वेकडच्या दारातून येणारा उन्हाचा पट्टा त्यांच्या गालावर पडत होता. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि त्याच्यापुढे यंत्राच्या दिव्यांचा ठिपका हरवून जातो. त्याच कारणाने जुन्या पद्धतीचा पिवळा तारेचा बल्बही समोर नको. एलईडी दिवा चालतो. आता सकाळी दहापर्यंत दार लोटलेले असते आणि खिडकीला जाड पडदा आहे. हे बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

दुसरा अडथळा चष्म्याचा होता. दादांच्या चष्म्याला दुहेरी भिंग होते आणि त्याची आडवी रेघ नेमकी बाहुलीच्या मध्यावर येत असे. आम्ही पडद्याच्या अंतरासाठी, म्हणजे साठ सेंटिमीटरसाठी, एकेरी नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. तेवढ्याने निम्म्या चुका गेल्या. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि प्रखर उजेडात लहान. त्यामुळे सकाळचे कॅलिब्रेशन संध्याकाळी तितके नेमके राहत नाही, आणि दिवसातून दोनदा ते करणे आम्ही नेमाचे केले आहे. टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती घ्यावी लागते आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ स्टँडने घेतला, आणि या यंत्राची खरी परीक्षाही तेथेच झाली. दादा दिवसाचा बराच भाग पलंगावर टेकून असतात. लॅपटॉप त्यांच्या चेहऱ्यासमोर, किंचित पुढे झुकलेला आणि अजिबात न हलणारा असावा लागतो. विक्रेत्याने सुचवलेला परदेशी स्टँड आमच्या आवाक्याबाहेरचा होता. दादांच्या कारखान्यातील जुन्या सोबत्यांनी तो उद्यमबागेत बनवून द्यायचे ठरवले. पहिला नमुना आला, तो दिसायला देखणा होता, पण पलंगाला नुसता धक्का लागला तरी वरचा पडदा थरथरत असे आणि नजरेचा ठिपका एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडत असे. सोबती समोर उभे होते. दादांनी पडद्यावर पाहून एकेक अक्षर जोडत लिहिले, "खालची प्लेट दहा एमएम घ्या. पाइप चाळीसचा. वर बेअरिंग नको, टेपर बसवा." टेपर म्हणजे निमुळता होत जाणारा, घट्ट बसणारा जोड. तेवढे लिहायला त्यांना नऊ मिनिटे लागली आणि तेवढा वेळ कोणी काही बोलले नाही. मग तिघांपैकी एकाने खिशातून मोजपट्टी काढून पलंगाच्या खालची जागा मोजली आणि विचारले, "टेपर किती डिग्रीचा, मेस्त्री?" दादांनी आकडा लिहिला. आठ दिवसांनी नवा स्टँड आला; त्याला साहित्याचे चार हजार दोनशे रुपये लागले आणि मजुरी कोणी घेतली नाही. कुटुंबाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आम्ही हे यंत्र घेतले होते. त्यावरून एक कारागीर आपल्या कामाची दुरुस्ती सांगू शकतो, हे मला त्या दिवशी दिसले. यंत्राला मी चांगले म्हणते ते यासाठी.

नेमकेपणाबद्दल थोडे. माहितीपत्रकात अर्ध्या अंशाची अचूकता लिहिलेली असते. साठ सेंटिमीटरवर तिचा अर्थ सुमारे पाच मिलिमीटर होतो. आमच्या पुतण्याने दादांच्या सांगण्यावरून पडद्यावर स्टीलची पट्टी धरून मोजले, तेव्हा मध्यभागी चूक एक सेंटिमीटरच्या आत आणि वरच्या कोपऱ्यांत दीड सेंटिमीटरपर्यंत निघाली. याचा दोष सर्वस्वी यंत्राला देता येणार नाही, कारण डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसणारा भागच हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा असतो आणि त्या नखाच्या आत नजर नेमकी कोठे आहे हे आपल्यालाही कळत नाही. पण यावरून एक ठरते, की अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान कळ उपयोगाची नाही. आमचा पडदा सुमारे चौतीस सेंटिमीटर रुंद आहे. एका ओळीत तेरा कळा बसतात, आणि वर लिहिलेला मजकूर दिसण्यासाठी जागा सोडली की जेमतेम चार ओळी उरतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे त्यात ऐसपैस मावतात. देवनागरीची व्यंजने, स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त मिळून संख्या साठाच्या पुढे जाते.

येथे यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने आमची निराशा केली. त्यातला मराठी कळफलक म्हणजे इंग्रजी कळांवर देवनागरी अक्षरे चिकटवलेली होती. अर्धी अक्षरे शिफ्ट दाबल्यावर येत आणि कळा एवढ्या बारीक होत्या, की दादा 'त' पाहत आणि 'च' उमटत असे. सुदैवाने कळफलक स्वतः रचण्याची सोय त्यात होती. मी शाळेत मराठी शिकवते. वर्णमाला मुलांकडून घोकून घेताना तिच्या रचनेचा असा उपयोग होईल, असे मला कधी वाटले नव्हते. पहिल्या पडद्यावर आम्ही क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य ते ळ, मग स्वर आणि मात्रा, अशा थोड्या पण मोठ्या चौकटी ठेवल्या. च-वर्गाकडे पाहिले की च, छ, ज, झ, ञ ही पाचच अक्षरे पडदाभर उघडतात. प्रत्येक अक्षराला दोनदा निवड करावी लागते हे खरे. 'उद्यमबाग' लिहायला उ, द, हलन्त, य, म, ब, काना, ग अशा आठ खुणा, म्हणजे सोळा निवडी होतात. तरीही चुकून मागे जाणे इतके कमी झाले, की एकूण वेळ घटला. पुढे दादांचा हात बसल्यावर, म्हणजे नजर बसल्यावर, सर्वाधिक लागणारी बारा अक्षरे आणि काना, वेलांटी यांना पहिल्याच पडद्यावर जागा दिली.

शब्द सुचवण्याची सोय उपयोगी आहे, पण ती पुस्तकी मराठी जाणते. 'येऊ' लिहिले की ती 'येऊन' आणि 'येऊ लागले' सुचवते. आमच्याकडचे 'येऊलंय', 'करूलालो', 'जाऊलास' तिच्या गावीही नाही. सुरुवातीला दादा सुचवलेला शब्द घेत आणि त्यांचे वाक्य परक्या माणसाचे वाटे. वहिनी म्हणाल्या, "हे असं कधी बोलायचे नाहीत." मग आम्ही बसून घरात रोज बोलले जाणारे दोनशे शब्द यादीत घातले. सीमाभागातील कोणीही हे यंत्र घेतले तर हे काम पहिल्या आठवड्यातच करावे, असा माझा आग्रह आहे.

नजर थांबली की कळ दाबली जाते, हेच या पद्धतीचे बळ आणि हीच तिची अडचण. १९९०च्या सुमारास रॉबर्ट जेकब यांनी या अडचणीला, हात लागेल त्याचे सोने होणाऱ्या गोष्टीतल्या मिडास राजाचे नाव दिले, कारण पाहाल त्याचा होकार होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणजे नजर किती वेळ थांबली म्हणजे निवड मानायची, तो काळ ठरवणे. आम्ही दीड सेकंदापासून सुरुवात केली आणि आता आठ दशांश सेकंदावर आलो आहोत. फिनलंडमधील टाम्पेरे विद्यापीठात २००९ साली झालेल्या एका अभ्यासात नवशिक्यांना हा काळ स्वतः कमी-जास्त करू दिला, तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दहा बैठकींत त्यांचा वेग मिनिटाला सुमारे सात शब्दांवरून वीस शब्दांपर्यंत गेला. ते निरोगी लोक होते आणि रोमन अक्षरांत लिहीत होते. दादा देवनागरीत मिनिटाला तीन-चार शब्द लिहितात. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नुसती विश्रांतीची रिकामी चौकट ठेवणे फार गरजेचे आहे. तिच्याकडे पाहिले की यंत्र थांबते आणि समोर आलेल्या माणसाकडे मोकळेपणाने पाहता येते.

आमच्या भागाची आणखी एक गरज विक्रेत्याला ठाऊकच नव्हती. रात्री सोबतीला असणारा सेवक कन्नड बोलतो. त्याला मराठी समजते, पण वाचता येत नाही. दादांनी रात्री तीन वाजता मराठीत लिहिलेले 'पाणी' त्याच्यापर्यंत पोचणार कसे? इनस्क्रिप्ट या सरकारी कळफलकात प्रमुख भारतीय लिप्यांची अक्षरे एकाच जागी असतात, म्हणजे देवनागरी 'क' जेथे, तेथेच कन्नड 'क'. त्यामुळे पुतण्याने एका कळीने लिपी बदलणारा दुसरा कळफलक सहज जोडला. पण रात्री लिहीत बसण्यापेक्षा तयार वाक्ये बरी, म्हणून शेजारच्या मुलाच्या आवाजात 'नीर बेकु' (पाणी हवे) यासारखी चौदा वाक्ये मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून चौकटींना जोडली. मराठीसाठी संगणकाचा आवाज आहे. उच्चार स्पष्ट, पण बातम्या वाचणाऱ्या बाईंचा. वहिनींच्या फोनवर दादांचे जुने व्हॉट्सअॅप संदेश सापडले. त्यांतून "ये की गं", "हं, चालेल" आणि "जेवलीस काय" असे तीन तुकडे कापून लावले आहेत. ज्यांचे बोलणे अजून शाबूत आहे त्यांनी यंत्राची वाट न पाहता आजच घरच्या शंभर वाक्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. आम्ही ते केले नाही, याची मला रोज हळहळ वाटते.

खर्च यंत्र, सॉफ्टवेअर आणि वाहतूक मिळून दोन लाख दहा हजार रुपये आला. विक्रेत्याने चाचणीसाठी एक दुपार दिली होती. ती अत्यंत अपुरी आहे. निदान पंधरा दिवस भाड्याने मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि त्या दिवसांत सकाळ, दुपार, रात्र, खुर्ची आणि पलंग, सगळे करून पाहावे. डोळे वर-खाली फिरवण्याची शक्तीच जेथे जाते अशा आजारांत, किंवा पापणी बाहुलीवर उतरत असेल तर, आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारावे. कमी खर्चाच्या वाटाही आहेत. २०१७ पासून विंडोजमध्ये नजरेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी अंगभूत सोय आहे, २०२० साली गूगलने डावीकडे, उजवीकडे किंवा वर पाहून वाक्य निवडण्याचे लूक टू स्पीक हे अॅप आणले, आणि २०२४ पासून आयफोन-आयपॅडच्या पुढच्या कॅमेऱ्यावरही नजरेचा माग घेता येतो. केवळ हो-नाही आणि दहा-बारा वाक्ये हवी असतील तर आधी ते पाहावे.

त्याहीआधी अक्षरपाटी करून घ्यावी. आम्ही नंबरप्लेट बनवणाऱ्या दुकानातून पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा साडेतीनशे रुपयांत कापून आणला आणि त्यावर वर्णमालेचे वर्ग कोपऱ्याकोपऱ्यांत रंगवले. समोरचा माणूस पाटी दोघांच्या मध्ये धरतो, दादा अक्षराकडे पाहतात आणि पलीकडून त्यांची नजर वाचता येते. तिला ऊन चालते, चष्मा चालतो आणि कॅलिब्रेशन लागत नाही. यंत्रावरचा आमचा कळफलक या पाटीवरूनच जन्मला. खानापुरात पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते आणि लॅपटॉपची बॅटरी यंत्रासकट दोन तासांच्या पुढे टिकत नाही, म्हणून ती पाटी पलंगाच्या कठड्याला दोरीने बांधून ठेवली आहे.